राहतात की ठेवलेत

आमच्या जानकीने म्हैसूर केलंय, त्रिवेंद्रम केलंय, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, सगळं केलंय, आणि यातलं एकही शहर तिने बघितलेलं नाही. म्हैसूरला जाऊन राजवाडा न बघितलेली बाई तुम्हाला दुसरी सापडायची नाही. स्टेशन, लॉज, प्राणीसंग्रहालय, त्यातही फक्त माकडांचा भाग, परत लॉज, परत स्टेशन. वाघापुढून ही माणसं अशी चालत जातात की वाघालाच अपमान वाटावा.

माणसं म्हणजे दोनच. जानकी परब आणि तिचा मुलगा सुयोग. मी रत्नप्रभा, त्यांच्या समोरच्या दारात राहणारी. मुलुंड पश्चिमेला डोंगर सुरू होतो तिथे आमची बिल्डिंग आहे, आणि स्टेशनजवळ माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तक्रार नको.

सुयोग सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. बोलतो, वाचतो, आपल्या हाताने जेवतो, पण गॅस कळत नाही, रस्ता कळत नाही, आणि रोजच्यातलं काही इकडचं तिकडे झालं की भिंतीवर डोकं आपटायला लागतो. लहान होता तोवर जानकी त्याला मिठीत धरून ठेवायची. आता तो अंगाने बापासारखा झालाय आणि जानकी माझ्या खांद्याला लागते. एकदा आवरताना तिचं मनगट मोडलं, तर डॉक्टरला सांगितलं की मोरीत घसरले.

तिला घरातून कुठे जाता येत नाही. लग्न नाही, बारसं नाही, गणपतीला गावी जाणं तर केव्हाच सुटलं. गावी ढोल वाजले की सुयोग कानावर हात ठेवून किंचाळतो, आणि मग भाऊबंद तोंड फिरवतात. अहो, आंघोळीलासुद्धा तिला एकटीला जाता येत नाही. दार लोटून ती आतून सारखी बोलत असते, म्हणजे आई आहे हे त्याला कळावं. "आता पाणी घेते हां सुयोग, आता साबण लावते हां." आमच्या दोघींच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, त्यामुळे मला रोज सकाळी जानकीची आंघोळ ऐकायला मिळते. सुरुवातीला मी वैतागायचे. नंतर सवय झाली.

हे माकडांचं वेड परबांनी लावलं. परब म्हणजे तिचा नवरा, भांडुपला एका कंपनीत फिटर होते, वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी एका रविवारी पोराला राणीच्या बागेत नेलं. सगळे प्राणी पाहून झाले, पण माकडांपुढून पोरगं हलेना. आपटणं नाही, रडणं नाही, दोन तास उभं. परबांना एवढंच पुरेसं होतं. त्यांनी दर रविवारी न्यायला सुरुवात केली, मग पुण्याला कात्रजला, मग सुट्टी काढून लांब लांब. ते गेल्यावर जानकीने ते तसंच पुढे चालवलं, कारण वर्षातले ते चार दिवस सुयोग शांत असायचा आणि तिला झोप मिळायची. दोनदा मीही बरोबर गेले. एकदा म्हैसूर, एकदा त्रिवेंद्रम.

तुम्हाला वाटेल की आमच्या मागच्या डोंगरावरून माकडं रोज खिडकीत येतात, कुणाच्या चपात्या पळवतात, कुणाची तुळस उपटतात, त्यांना बघत का नाही बसत हा? मीही विचारलं होतं. तर म्हणाला, "ही सुटी आहेत. ह्यांचं काय बघायचं?" आणि हो, पिंजऱ्यात माणसं नि बाहेर माकडं, हा विनोद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो. मला परत नका पाठवू.

त्याचं बघणं वेगळंच आहे. किती जातीची माकडं आहेत ते पाटीवर लिहिलेलं असतं, त्यात त्याला रस नाही. तो दुर्बीण लावून वर बघतो. वर जायला काय आहे? दोर, फांदी, ओंडका? खाली कितीही मोठी जागा असू दे, माकडाला जमीन घेऊन काय करायचंय, असं त्याचं म्हणणं. मग बघतो, सोबत कोण आहे. मग खाणं थाळीत आयतं ठेवलंय की शोधायला लावलंय. चुकूनसुद्धा गोरिलाला माकड म्हणू नका, तो तुम्हाला तिथल्या तिथे थांबवून "कपी, कपी, शेपूट नाही," असं सुनावेल. सगळं बघून झालं की जानकी विचारते, "काय रे?" आणि तो दोनपैकी एक शब्द बोलतो. राहतात. किंवा ठेवलेत.

दोन्हीतला फरक मला आधी कळला नव्हता. एका प्रवासात कळला. त्रिवेंद्रमचं झालं तेव्हाच परतीच्या वाटेवर आणखी दोन ठिकाणी गेलो होतो, त्यांची नावं घेत नाही, उगाच भांडण नको. दोन्हीकडे तेच काळं सिंहपुच्छ माकड, तोंडाभोवती राखाडी आयाळ असलेलं. एकीकडे ती सगळी झाडीत वर जाऊन बसलेली, दुर्बिणीशिवाय एक शेपूट दिसेल तर शपथ. एक कुटुंब तणतणत होतं, तिकीट काढून आलो आणि दिसत काहीच नाही. आणि आमचा सुयोग खूश. "दिसत नाहीत ना? राहतात." दुसरीकडे एकटाच नर होता, पांढऱ्या टाइल लावलेली खोली, काच चकचकीत, अगदी हातभर अंतरावर. लोक सेल्फी काढत होते. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता, वळत होता, परत चालत होता. मला तर वाटलं, वा, हे किती छान दिसतंय. सुयोग मिनिटभर थांबला, "ठेवलाय," म्हणाला आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

म्हैसूरला गोरिला आहेत, जर्मनीहून आलेले दोन नर. त्यांच्यापुढे त्याने अख्खा दिवस काढला. संध्याकाळी जानकीने विचारलं, "राहतात?" तो म्हणाला, "दोघं आहेत ते बरं आहे. पण रात्री कुठे असतात ते दाखवत नाहीत. तिथलं बघितल्याशिवाय सांगता येत नाही." मी हसले होते. म्हटलं, ह्याला आता गोरिलाची बेडरूम बघायचीय.

गेल्या वर्षी जानकीला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप गेलीय, असं निघालं. ऑपरेशन करा, पण वय आणि तब्येत बघता हमी देत नाही, डॉक्टर म्हणाले. खाली रिक्षात बसल्यावर ती मला म्हणाली, "प्रभा, माझ्या मागे ह्याचा काय गो?" ती एरवी चांगलं मुंबईचं बोलते, जीव घाबरला की मालवणीवर येते. रिक्षावाल्याला उगाच ओरडले, सावकाश चालव म्हणून.

तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. परबांच्या श्राद्धाला तिचा दीर सुबोध अंधेरीहून आला होता. पान वाढत असताना तो म्हणाला, "वहिनी, आता त्याला कुठेतरी ठेवायला हवं. तुमच्याने होणार नाही." कोपऱ्यातून सुयोगने विचारलं, "तिथे किती ठेवलेत?" सगळे हसले. त्याला खरंच ते नवीन प्राणीसंग्रहालय वाटलं होतं. जानकी वडे तळायला आत गेली ती सगळे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मी सुबोधवर चिडले, पण खरं सांगायचं तर मीही तिला तेच सांगत होते. ठेव त्याला कुठेतरी, आणि दोन दिवस झोप काढ. मला बोलायचा हक्क आहे असं मला वाटायचं. माझी आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मी केलं, त्यात लग्नाचं वय कधी निघून गेलं तेही कळलं नाही. ती गेल्यावर मी चाळीस दिवस नुसती झोपले आणि मग ठरवलं, आता मी कुणाची नाही. सोमवारी दुकान बंद असतं. मी एकटी सिनेमाला जाते, एकटी हॉटेलात मिसळ खाते, आणि घरी आल्यावर कुणी हाक मारत नाही. त्याचं सुख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

जानकीने वांगणीच्या पुढे एक संस्था शोधून काढली. मोठ्या वयाच्या मुलांची, कायमची राहायची सोय. आधी चार ठिकाणी चौकशी करून झाली होती. कुठे फक्त लहान मुलं, कुठे रांग एवढी की आपला नंबर वर गेल्यावर लागेल. इथे एक जागा होती. बघायला या म्हणाले. सोमवारी दुकान बंद असतं म्हणून मी बरोबर निघाले.

गाडी ठाणं सोडून पुढे लागली तेव्हा मला दिसलं की सुयोगने गळ्यात दुर्बीण घातलीय आणि टोपी आणलीय.

"काय गो," मी जानकीला विचारलं, "तू ह्याला काय सांगितलंयस?"

"नवीन जागा बघायला जातोय."

आता यांच्या घरात नवीन जागा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

"अगं, वाट लागेल ना तिथे."

"मग काय सांगू? तूच सांग, कोणता शब्द वापरू?"

तिकडे सुयोग विचारत होता, "कोण कोण आहे? लंगूर आहेत?" आणि जानकी म्हणत होती, "गेल्यावर बघू हां."

जागा चांगली होती, ते मान्य करायला हवं. आंब्याची झाडं, लांब ओसरी, फिनाइलचा वास होता पण त्याखाली दुसरा कुठला वास नव्हता. आईमुळे मला ते आधी कळतं. अस्मिता मॅडम म्हणून तिथल्या प्रमुख होत्या, पन्नाशीच्या, कामाचं तेवढं बोलणाऱ्या. सुयोग दुर्बीण लावून आंब्यांमध्ये शोधत होता.

"इथे कोण आहेत?" त्याने त्यांना विचारलं.

"खूप जण आहेत. चाळीसेक."

"कुठून आणलेत?"

"कुणी ठाण्याहून, कुणी नाशिकहून."

"जंगलातून नाही ना?"

मॅडमना कळेना. "नाही रे, सगळे आपापल्या घरातून आलेत."

सुयोग जानकीकडे वळला आणि समजावल्यासारखं म्हणाला, "पाळलेले होते."

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात घंटा झाली आणि ते सगळे ओसरीवर आले. कुणी तिशीचा, कुणी केस पिकलेला. चटया टाकून पणत्या रंगवायला बसले. एक जण मागेपुढे डुलत होता, एकाने कानावर हात दाबून धरले होते, सुयोग धरतो अगदी तसेच. सुयोगने दुर्बीण खाली घेतली. खूप वेळ बघत राहिला. जानकीने माझा दंड पकडला होता आणि तिची नखं मला लागत होती.

"मावशी, ही माणसं आहेत," तो मला म्हणाला.

"हो रे."

"मग मला कशाला आणलंय?"

मला वाटलं, आता हा डोकं आपटणार. जानकी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्यापुढे येऊन म्हणाली, "तू बघ. नेहमी बघतोस तसं सगळं बघ आणि मला सांग. मग आपण ठरवू."

तो आपटला नाही. त्याला काम मिळालं होतं. त्याने मॅडमना विचारलं, रात्री कुठे असतात ते दाखवता का? मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि एका कर्मचाऱ्याला बरोबर दिलं. ते दोघं मागच्या बाजूला गेले. आम्ही ऑफिसात बसलो. चहा आला, त्यावर साय धरली तरी जानकीने कप उचलला नाही.

परत आल्यावर सुयोग उभ्यानेच बोलला. गच्ची आहे, जिन्याला कुलूप आहे, पण संध्याकाळी उघडतात. एका खोलीत चौघं. कडी आतून लागते. एक जण घोरतो. सकाळचं जेवण त्यांचं तेच करतात, कांदा कापायला देतात.

"मग काय रे?" जानकीने विचारलं.

त्याने दुर्बीण गळ्यातून काढून हातात घेतली.

"ठेवलेत," तो म्हणाला. जानकीने डोळे मिटले. "पण बरे ठेवलेत."

एवढ्या वर्षांत असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. जानकीने डोळे उघडले, आणि तिला बरं वाटलं की वाईट, ते मला ओळखता आलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नसावं.

"मी इथे, तर आई कुठे?" त्याने विचारलं.

"मी घरी."

"घरी कोण?"

"मीच रे बाळा."

"एकटीला ठेवत नाहीत," तो मॅडमना म्हणाला. "एकटे खराब होतात."

मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मुलगा इथे येऊ शकेल, दोन महिने बघू, पण आईच्या नंतरचा एक माणूस आत्ताच हवा. नुसतं नाव नको. कायद्याने पालक म्हणून कलेक्टरच्या कमिटीपुढे उभा राहील असा माणूस. आजारी पडला तर हॉस्पिटलला येईल, इथे नाही जमलं तर घरी घेऊन जाईल, आणि उद्या संस्थाच बंद पडली तरी त्याला रस्त्यावर सोडणार नाही असा. "त्याशिवाय आम्ही घेत नाही. वाईट वाटून घेऊ नका, आमची फसवणूक झालीय आधी."

"दीर आहेत ना?" मी जानकीला म्हटलं.

"मी फोन केला होता त्यांना. म्हणाले, वहिनी, माझ्या घरात तरुण मुली आहेत." तिने मॅडमकडे बघितलं. "दुसरं कुणी नाही."

माझ्याकडे तिने बघितलंच नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिने मला ह्यासाठीच आणलंय, आता रडेल आणि मला हो म्हणावं लागेल. मी मनात उत्तर तयार ठेवलं. जानकी, मी अकरा वर्षं काढलीत, आता मला नको. पण तिने विचारलंच नाही. तिने पिशवी उचलली, त्यात पाण्याची बाटली घातली, सुयोगची टोपी घातली, "चल रे सुयोग, निघूया," म्हणाली आणि खरोखरच दाराकडे चालायला लागली. तिच्या डोक्यात मी आलेच नव्हते. मी नुकती सुटलेली बाई, मला परत कोण कशाला अडकवेल, एवढा साधा हिशेब तिचा. उद्या सकाळी ती डक्टमधून परत सांगणार होती, आता पाणी घेते हां, आता साबण लावते हां. आणि एक दिवस तो आवाज येणार नाही, आणि पलीकडे दाराबाहेर हा उभा असेल.

"माझं नाव घ्या," मी म्हटलं.

जानकी वळली. "गो प्रभा, नको. तू आताच तर सुटलंस."

"तू गप रव."

मॅडमनी विचारलं, नातं काय? मी म्हटलं, शेजारीण. त्या म्हणाल्या, अवघड आहे, कमिटी चौकशी करेल, घरी येतील, तुमची तब्येत बघतील, विचार करून सांगा. मी म्हटलं, विचार केला तर मी नाही म्हणेन, आत्ताच लिहा.

लोक म्हणतात, असं काही केलं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. आई गेली त्या दिवशी जे दार उघडलं होतं ते मी माझ्याच हाताने लावून घेतलं, आणि बाहेर येऊन आंब्याखाली उभी राहून मला स्वतःचा एवढा राग आला की तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. माझा पदर खांद्यावरून घसरला होता, तो जानकीने नीट केला.

परतीला ती खिडकीशी बसली आणि बदलापूर यायच्या आत झोपली. तोंड उघडं टाकून, गाडीला धक्के बसले तरी जाग नाही. सुयोग आमच्या दोघींच्या मधे होता. कुठलीही जागा बघून आलं की घर येईपर्यंत तो जानकीला माकडांचं सगळं पहिल्यापासून सांगतो, हे मला ठाऊक होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. एकदा तिच्या हाताला बोट लावून बघितलं. मग माझ्याकडे वळला.

"आई झोपली. आता तुला सांगतो."

त्याने हुलॉकपासून सुरुवात केली. हुलॉक म्हणजे आपल्या देशातला एकमेव कपी. आसामात असतो. हात पायांपेक्षा लांब असतात. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. मला आधी कळेना का थांबतो, मग लक्षात आलं. समोरच्याने हूं म्हटल्याशिवाय तो पुढचं वाक्य बोलत नाही, आणि हे हूं इतकी वर्षं जानकीच म्हणत आलीय.

"नर काळा असतो आणि मादी तपकिरी," तो म्हणाला, आणि थांबला.

मी बाहेर बघत राहिले. अंबरनाथच्या सिग्नलला गाडी उभी होती. तोही थांबला होता, माझ्या तोंडाकडे बघत.

"हूं," मी म्हटलं.